एकच काडतूस, दोन बंदुका: हरणाच्या शिकारीसाठी लीव्हर रायफल कशी निवडावी

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. त्यामुळे ओहायो किंवा इंडियानात स्थायिक झालेला मराठी माणूस सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचं ठरवतो, तेव्हा घरातून चालत आलेलं ज्ञान त्याच्यापाशी काहीच नसतं. तो दुकानात जातो, काउंटरमागचा माणूस भिंतीवरची लीव्हर रायफल (चापाखालची लीव्हर फिरवून पुढचं काडतूस भरायची) काढून हातात देतो आणि म्हणतो, "हिचं काडतूस रिव्हॉल्व्हरलाही चालतं." ऐकायला झकास वाटतं. पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी ठरवायच्या असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो: आधी कायदा, मग अंतर, मग काडतूस, मग त्यातली गोळी, आणि रायफल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट जातात. आधी रायफलीच्या प्रेमात पडतात आणि मग तिच्यासाठी कारणं शोधतात.

एकाच काडतुसावर चालणारी रायफल-रिव्हॉल्व्हरची ही जोडी मुळात जुनी. १८७३ची विंचेस्टर रायफल ४४-४० काडतुसासाठी निघाली आणि १८७८पासून कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसात विकायला सुरुवात केली. गावापासून दूर असलेल्या माणसाला कमरेला एकच पट्टा पुरायचा. आज दुकान गाडीने अर्ध्या तासावर आहे, तेव्हा ते कारण उरलेलं नाही. पैसे वाचतात हे कारणही जपूनच घ्या. ४४ मॅग्नमसारख्या आजच्या काडतुसांची पेटी स्वस्त नसते. आजची खरी कारणं दोन. एक म्हणजे दाट झाडीत वागवायला सोपी, आखूड, हलकी रायफल. दुसरं म्हणजे काही राज्यांचा कायदा.

पहिली पायरी: कायदा

ओहायोचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे हा विषय अगदी नेमका लागू पडतो. सपाट शेतं आणि जवळजवळ वस्ती असल्यामुळे लांब पल्ल्याच्या रायफलींना तिथे हरणासाठी परवानगी नव्हती. बंदुकांत शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक), हँडगन एवढंच चालायचं. २०१४च्या हंगामापासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली चालू लागल्या. सरळ भिंतीचं म्हणजे ज्याचं पितळी कवच वर मानेसारखं निमुळतं होत नाही ते. आता नियम ३५७ ते ५० कॅलिबरच्या, म्हणजे ०.३५७ ते ०.५० इंच जाडीच्या गोळीच्या, सरळ भिंतीच्या काडतुसांना परवानगी देतो. ३५७ मॅग्नम, ४४ मॅग्नम आणि ४५ कोल्ट तिन्ही त्यात बसतात. गंमत अशी की ज्या ४४-४०ने ही जोडीची परंपरा सुरू केली, त्याच्या कवचाला थोडीशी मान आहे, म्हणून ते बसत नाही. काउबॉय सिनेमे बघून जुन्या काडतुसाचा हट्ट धरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

ओहायोत आणखी दोन नियम खरेदीवर थेट परिणाम करतात. रायफलीत चेंबर (बार निघतो ती नळीच्या बुडाची जागा) आणि मॅगझिन (पुढच्या काडतुसांचा साठा) मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत. म्हणजे "हिच्यात दहा बसतात" हा विक्रेत्याचा मुद्दा हरणाच्या शिकारीपुरता निकामी. दुसरं, हँडगनने हरीण मारायचं तर नळी किमान पाच इंचांची लागते. चार इंची रिव्हॉल्व्हर कमरेला कितीही शोभून दिसलं तरी हरणासाठी ते चालणार नाही. जोडी जमवताना हा पाच इंचांचा आकडा विसरून नंतर हळहळणारे बरेच असतात.

खासगी जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी हवी, पहिलं लायसन्स काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स हवा, गन सीझनमध्ये अंगावर केशरी जॅकेट हवं. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं त्या वर्षीचं नियमपुस्तक उघडून कवचाची लांबी, कॅलिबर आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचा. मिशिगनच्या ज्या दक्षिण भागासाठी सरळ भिंतीचा नियम आला, तिथे कवचाच्या लांबीचीही मर्यादा घातली होती. हे नियम बदलत राहतात. मित्राने मागच्या वर्षी सांगितलेलं यंदा खरं असेलच असं नाही.

आता आपल्या मंडळींसाठी खास. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर केंद्रीय कायद्याची व्हिसाची अडचण येत नाही. एच-वन-बी, एफ-वन अशा व्हिसावर असाल, तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातली रायफल तिथेच असते! मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन त्याची रायफल हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. म्हणून लायसन्स आधी, रेंज नंतर. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर वकिलाला एक फोन केलेला बरा. एका रायफलीपायी तो अर्ज धोक्यात घालण्यात शहाणपणा नाही.

शिवाय रायफल शेजारच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातून घेता येते, दोन्ही राज्यांचे नियम पाळून. हँडगन मात्र दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून थेट हातात मिळत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारकामार्फतच घ्यावी लागते. जोडी एकाच दुकानात, एकाच दिवशी घ्यायची असेल तर आपल्याच राज्यात घ्या.

दुसरी पायरी: तुमचं अंतर

तुम्ही बसणार ती जागा डोळ्यांसमोर आणा. ओकच्या जंगलात झाडावरचा स्टँड असेल तर साठ-सत्तर यार्डांपलीकडे काही दिसतही नाही. कापलेल्या मक्याच्या शेताच्या कडेला बसणार असाल तर दोनशे यार्डांवर हरणांचा कळप उभा राहील आणि तुम्ही हातातल्या रायफलीकडे बघत राहाल. अशा ठिकाणी हँडगनच्या काडतुसाची रायफल घेऊच नये. ओहायोतच ४५०-बुशमास्टर किंवा ३५०-लेजेंड (नावात ३५० असलं तरी नियमात बसणारं) या काडतुसांच्या रायफली चालतात. त्या लांब पोचतात, पण रिव्हॉल्व्हरशी जोडी जमवायचा विचार मग सोडून द्यावा लागतो.

माझा ठोकताळा असा: ३५७ मॅग्नम ७५ यार्डांपर्यंत, फार तर १००. ४४ मॅग्नम १२५पर्यंत. यापेक्षा लांब मारल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतील. ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात.

तिसरी पायरी: काडतूस

इथे थोडं रेंगाळू, कारण सगळा खेळ इथे आहे.

३५७ मॅग्नम १९३५चं, ४४ मॅग्नम १९५५चं. दोन्ही रिव्हॉल्व्हरसाठी जन्मली, पण त्यांच्यातली हळू जळणारी दारू लांब नळीत जास्त काम करते. रेमिंग्टनच्या कारखान्याच्या आकड्यांनुसार १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ३५७ मॅग्नम गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे १,२३५ फूट वेगाने निघते, तर रायफलीतून सुमारे १,८३०. ऊर्जा ५३५ फूट-पौंडांवरून १,१७५वर जाते, दुपटीहून जास्त. ४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी १,१८०वरून १,७६०वर आणि ऊर्जा ७४१वरून १,६५०वर.

पण हेच आकडे शंभर यार्डांवर बघा. ३५७ची ऊर्जा उरते सुमारे ७१५, आणि ४४ची सुमारे १,०१५. या आखूड, बोथट गोळ्या हवेत फार लवकर थकतात. म्हणजे शंभर यार्डांवर ४४ची रायफल हरणाला जे देते, ते ३५७ची रायफल नळीच्या तोंडाशीही जेमतेमच देते. हरीण हाच मुख्य हेतू असेल तर माझं मत ४४ला.

मग ३५७ कुणासाठी? ज्याला वर्षभर सराव करायचा आहे त्याच्यासाठी. ३५७च्या रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये ३८ स्पेशल चालतं. ते स्वस्त असतं आणि धक्का जवळपास नाहीच. नवखा माणूस पहिला हंगाम येईपर्यंत ३५७वर जितके बार काढेल, त्याच्या निम्मेही ४४वर काढणार नाही. अंगलट येतं ते सहसा रिव्हॉल्व्हर. ४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर हातात जोराने उसळतं, आवाज कानठळ्या बसवतो, आणि तीन-चार बारांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. ही सवय एकदा लागली की रायफलीतही उतरते. ४४ घेतलंत तर रिव्हॉल्व्हरच्या सरावाला ४४ स्पेशल वापरा, ते बरंच सौम्य असतं. घरात दोघं-तिघं शिकणार असतील आणि मारायचं अंतर साठ यार्डांच्या आत असेल, तर ३५७ बिनदिक्कत घ्या.

४५ कोल्ट हा तिसरा पर्याय, आणि नवख्याने त्यापासून लांब राहावं असं मला वाटतं. कारण सुरक्षिततेचं आहे. या काडतुसाचा प्रमाणित दाब १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), तर ४४ मॅग्नमचा ३६,०००. प्रमाणित ४५ कोल्ट हरणासाठी सौम्य पडतं, म्हणून काही कंपन्या ते जास्त दाबाने भरून विकतात आणि पेटीवर फक्त ठरावीक मजबूत बंदुकांसाठी असल्याची सूचना छापतात. तुमची रायफल मजबूत रचनेची असेल तर ते सहन करेल, पण त्याच नावाचं जुनं किंवा हलकं रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. दोन बंदुका, एक काडतूस हा ज्याचा हेतू, त्याने घरात एकाच नावाची दोन वेगळ्या दाबांची काडतुसं ठेवावीत, यात मूळ हेतूच उलटतो.

चौथी पायरी: गोळी

पेटी एकच असली तरी दोन नळ्यांतून ती एकच गोळी दोन वेगळ्या वेगांनी निघते, आणि गोळी कुठल्या वेगाला कशी उमलावी (आत शिरल्यावर चपटी होऊन पसरावी) हे ती बनवतानाच ठरलेलं असतं. ३५७ची १२५ ग्रेनची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली) गोळी स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरसाठी बनलेली. ती रायफलीतून मारलीत तर हरणाच्या खांद्यावर वरच्यावर फुटून तुकडे होतात, आतपर्यंत पोचत नाही. जखमी हरीण पळतं, सापडत नाही. उलट रायफलीच्या वेगाला छान उमलणारी कडक गोळी रिव्हॉल्व्हरमधून पेन्सिलीसारखी आरपार जाऊ शकते.

दोन्हीकडे चालेल असा मधला मार्ग म्हणजे जड, सपाट नाकाची, मऊ शिशाचं टोक असलेली जॅकेटेड (बाकी अंगावर धातूचं वेष्टण असलेली) गोळी. ३५७मध्ये १५८ ग्रेन किंवा त्याहून जड, ४४मध्ये २४० ग्रेन. ती रिव्हॉल्व्हरमधून फारशी उमलली नाही तरी तिची रुंदी आणि वजन काम करतात. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाच्या गोळ्या २०१९पासून राज्यभर बंद आहेत. तिथे पूर्ण तांब्याच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

टोकाचा आकार ही सुरक्षिततेची बाब आहे. लीव्हर रायफलीचं मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी. त्यात काडतुसं एकामागे एक, एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. बुडाच्या मध्यावर प्रायमर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारा भाग, असतो. टणक अणकुचीदार नाक धक्क्याने त्यावर आदळलं तर काडतूस मॅगझिनमध्येच उडू शकतं. म्हणून सपाट नाकच वापरायचं. हॉर्नडीच्या लीव्हरेव्होल्यूशन काडतुसांचं टोक निमुळतं असतं, पण ते मऊ रबरासारखं असल्यामुळे याच कामासाठी बनवलेलं आणि चालणारं आहे. दुसऱ्या कुठल्याही टोकदार गोळीच्या बाबतीत "दिसायला तशीच आहे" हा हिशोब करू नका.

पाचवी पायरी: रायफल

आता कुठे भिंतीकडे बघायचं. बाजारात चार-पाच घराणी आहेत.

मार्लिन १८९४: रिकामं कवच बाजूने बाहेर पडतं, त्यामुळे वर स्कोप (नेमाची दुर्बीण) सरळ बसतो. २०२०मध्ये रुगरने मार्लिन विकत घेतली आणि आता या रायफली उत्तर कॅरोलायनात बनतात. जुन्या ४४च्या नळीतला गोळीला फिरवणारा पीळ ३८ इंचांत एक फेरा असा मंद होता, तीनशे ग्रेनच्या लांब गोळ्या त्यात नेहमीच स्थिर होत नाहीत. रुगरने तो २० इंचांवर आणला. वापरलेली घ्यायची तर नळीवर "जेएम" शिक्का असलेली कनेक्टिकटमधली जुनी मार्लिन लोक शोधत असतात, आणि विकणारेही त्याचे पैसे लावतात.

रॉसी आर-९२: ब्राझीलमध्ये बनते. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी केलेल्या १८९२च्या रचनेवर बेतलेली, हलकी, मजबूत, आणि साधारणपणे यात सगळ्यात स्वस्त. कवच वरून फेकते, म्हणून नेहमीचा स्कोप बसवणं कटकटीचं. खुल्या साइटवर (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांवर) नेम धरणाऱ्याला उत्तम. आतल्या भागांना कधीकधी धारदार कडा असतात, सुरुवातीला लीव्हर अडखळल्यासारखा चालतो, वापराने मोकळा होतो.

हेन्री बिग बॉय: लीव्हर लोण्यासारखा फिरतो. पितळी रायफल देखणी, पण वजन साडेआठ पौंडांच्या पुढे, दिवसभर खांद्यावर जाणवतं. पोलादी हलकी आहे, शिकारीला तीच घ्यावी. मॅगझिनची आतली नळी पुढून ओढून काडतुसं बाहेर काढता येतात, हा हेन्रीचा मोठा गुण. फक्त बाजूच्या खिडकीतून भरायच्या रायफली रिकाम्या करायच्या तर प्रत्येक काडतूस लीव्हरने चेंबरच्या वाटेने बाहेर काढावं लागतं. अंधार पडल्यावर गारठलेल्या बोटांनी ते करून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

स्मिथ अँड वेसनची १८५४ ही २०२४मध्ये आलेली, पहिल्यांदा ४४ मॅग्नममध्ये. जपानमध्ये मिरोकूने बनवलेल्या विंचेस्टर आणि इटलीच्या उबर्टी सुंदर आहेत, पण त्या पावसात नेववत नाहीत. १८७३च्या रचनेची रायफल हवी असेल तर लक्षात ठेवा की बार निघताना मागची बाजू बंद धरणारा तिचा सांधा १८९२च्या रचनेइतका दणकट नाही. जास्त दाबाचं ४५ कोल्ट तिला कधीच देऊ नका.

नळी सोळा ते वीस इंच. सोळा झाडीत सोपी, वीसमध्ये खुल्या साइटचा नेम जास्त नीट धरता येतो. यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

विक्रेत्याला विचारूनच पुढचं करा. लीव्हर उघडून चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. थंडीतलं जाडजूड जॅकेट घालून जा. अमेरिकन दस्ते साडेतेरा-चौदा इंचांचे असतात, आणि टी-शर्टवर बरोबर बसलेली रायफल जॅकेटवर लांब होते. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या माणसाला हे हमखास जाणवतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. साइट समोर दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा. मान वाकवून शोधावी लागली तर नाही.

मग डमी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसं मागा, तुम्ही वापरणार त्याच लांबीची आणि सपाट नाकाची. भरताना अंगठ्याने काडतूस खिडकीतून पूर्ण आत ढकललं की झडप अंगठ्याच्या कातडीवर मिटते. त्यावर उपाय असा की शेवटचा थोडासा भाग बाहेर ठेवायचा आणि पुढच्या काडतुसाच्या नाकाने तो आत ढकलायचा. आता लीव्हर चालवा. हळूही चालवा आणि झटक्यातही, पण दोन्ही वेळा शेवटपर्यंत. अर्धवट फिरवला तर काडतूस अडकतं, आणि नेमका हरीण समोर असतानाच माणूस तो अर्धवट फिरवतो. ३८ स्पेशलच्या लांबीची डमीही चालवून बघा. काही रायफली ३५७ सुरळीत घेतात आणि आखूड ३८वर कुरकुरतात. रुंद खांद्याच्या सेमी-वॉडकटर गोळ्या बऱ्याच रायफलींत चेंबरच्या तोंडाशी अडतात, म्हणून त्या घ्यायच्या नाहीत.

हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने सावकाश खाली सोडायचा सराव डमीवरच करा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून. थंडीत हातमोज्याने हॅमर निसटतो. रायफलीत आडवं बटण किंवा दुसरी सेफ्टी असेल तर ती कशी चालते ते तिथेच शिकून घ्या. वापरलेली असेल तर नळीतून पलीकडचा उजेड बघा, आणि दोन्ही साइट सरळ रेषेत आहेत ना तेही बघा.

रिव्हॉल्व्हर

रायफल नक्की झाल्यावरच हे घ्या, आणि दोन्हींसाठी एकाच दिवशी खर्च केलाच पाहिजे असं नाही. ३५७मध्ये रुगर जीपी-१०० सहा इंची किंवा ब्लॅकहॉक साडेसहा इंची, ४४मध्ये सुपर ब्लॅकहॉक किंवा रेडहॉकच्या लांब नळ्यांचे प्रकार, ही दणकट घराणी. वजनदार असणं हा इथे गुणच आहे, धक्का त्यातच जिरतो. रेंजवर कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा एक बार उघड्या कानांनी ऐकला तरी ऐकण्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

रिव्हॉल्व्हरने हरणावर बार काढायचा तर पन्नास यार्डांच्या आत आणि टेकू घेऊनच. कागदाच्या आठ इंची ताटलीत त्या अंतरावरून प्रत्येक गोळी बसेपर्यंत ते शिकारीला न्यायचं नाही. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्याच जागेत असतात.

रेंजवर

निवडलेल्या गोळीच्या काही पेट्या एकाच लॉटच्या घ्या. रायफल पन्नास यार्डांवर मध्यभागी लावा. ४४मध्ये २४० ग्रेनची गोळी मग शंभरावर साधारण तीन इंच खाली पडते आणि दीडशेवर दहा इंचांच्या आसपास. हे आकडे तुमच्या रायफलीत थोडे हलतील, म्हणून शंभरावर स्वतः मारून बघा आणि आलेला फरक चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा. चाळिशी लागलेल्यांना मागची खुली साइट धूसर दिसते. त्यांनी पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) किंवा कमी ताकदीचा, चारपटीपर्यंतचा स्कोप लावावा.

३५७च्या रायफलीत ३८ स्पेशलचा सराव झाला की चेंबर घासून साफ करा. आखूड कवचाच्या पुढे काजळीचं कडं जमतं, आणि त्यावर लांब ३५७ जोराने बसवलं तर ते नीट बसत नाही किंवा मारल्यावर बाहेर यायला कुरकुरतं. हंगामाच्या आदल्या आठवड्यात साफ करून, शिकारीच्याच पेटीतले तीन बार कागदावर काढा. साफ केलेल्या नळीतून जाणारा पहिला बार कुठे लागतो तेवढं बघून रायफल ठेवून द्या, आता तिला सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. ओहायोत गन सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होतो.